हिरड्या बोलेनाशा होतात तेव्हा

उद्या सकाळी दात घासून झाले, की लगेच आरशापासून हलू नका. खालचा ओठ बोटाने थोडा खाली ओढा आणि दातांच्या मुळाशी असलेल्या हिरड्या नीट पाहा. निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते, काहींची सावळसर असते. ती दाताला कॉलरसारखी घट्ट बसलेली असते आणि ब्रश लागल्याने तिच्यातून रक्त येत नाही. कुठे ती लालभडक, फुगीर दिसली, किंवा ब्रशवर रक्ताचा ठिपका उमटला, तर हिरडी तुम्हाला काही सांगते आहे असे समजा. 'इथे मळ साचला आहे, तो काढा,' हे तिचे सांगणे असते.

पण काही माणसांच्या हिरड्यांचे हे बोलणे बंद पडते. आत रोग असतो, पण बाहेर लाली नसते, सूज नसते, पूही नसतो. कर्करोगावर औषधोपचार घेणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत असे काही दिवस येतात आणि नेमके तेच दिवस सर्वांत धोक्याचे असतात. असे का होते आणि त्यावर काय करता येते, ते आज पाहू. त्यासाठी आधी निरोगी हिरडीची रचना समजून घेतली पाहिजे.

कुंपण आणि राखणदार

दात आणि हिरडी यांच्यामध्ये सर्व बाजूंनी एक अरुंद खाच असते. निरोगी माणसात ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते. खाचेच्या तळाशी हिरडीचे अस्तर दाताला चिकटलेले असते. आपल्या शरीराला कातडीचे अखंड कुंपण आहे आणि हाडासारखी कठीण वस्तू ते कुंपण भेदून बाहेर आलेली सहसा दिसत नाही. दात मात्र हाडात रोवलेला आणि तोंडात उघडा, असा दोन्हीकडे असतो. म्हणून दात जिथे बाहेर पडतो तिथला सांधा हा या कुंपणातील नाजूक भाग होय.

तोंडात जीवाणूंची काही कमतरता नाही. हॉलंडमधील लेव्हेनहूक याने १६८३ साली आपल्या दातांवरचा पांढरा मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात वळवळणारे असंख्य जीव पाहून तो थक्क झाला. आज आपल्याला माणसांच्या तोंडात आढळणाऱ्या जीवाणूंच्या सुमारे ७०० जाती माहीत आहेत. दातावरच्या मळाच्या एका मिलिग्रॅममध्ये, म्हणजे टाचणीच्या टोकावर मावेल एवढ्या मळात, १० कोटींच्या आसपास जीवाणू असतात. हा मळ काढला नाही, तर लाळेतील क्षार त्यात बसून त्याचे कठीण किटण बनते.

एवढे शत्रू दारात असताना आपण रोज आजारी का पडत नाही? कारण कुंपणाला राखणदार आहेत. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी 'न्यूट्रोफिल' नावाच्या पेशी हिरडीतल्या केशवाहिन्यांतून बाहेर पडून त्या खाचेत सतत उतरत असतात. निरोगी माणसाच्या तोंडातही दर मिनिटाला सुमारे ३०,००० अशा पेशी येत असाव्यात असा अंदाज आहे. त्या जीवाणूंना गिळतात आणि बहुधा तिथेच मरतात. मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी फार झाल्या, की त्यांनाच आपण 'पू' म्हणतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

बारा जणांचा प्रयोग

हिरड्यांचा आजार मळामुळेच होतो, हे कशावरून? १९६५ साली हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये एक साधा पण निर्णायक प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे पूर्णपणे बंद केले. १० ते २१ दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या. मग त्यांनी पुन्हा नीट दात घासायला सुरुवात केली आणि साधारण एका आठवड्यात हिरड्या पूर्ववत झाल्या.

यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक म्हणजे मळ साचला की हिरडी सुजते, आणि दुसरी म्हणजे वेळीच मळ काढला की ती बरी होते. तिकडे बरीच वर्षे दुर्लक्ष झाले, तर मात्र दात धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजू लागते, खाच खोल होऊन तिचा कप्पा बनतो आणि दात हलू लागतात. यालाच आपण 'पायोरिया' म्हणतो. पायोरियात झिजलेले हाड मात्र आपोआप भरून येत नाही.

सुक्याबरोबर ओलेही जळते

आता कर्करोगाकडे वळू. शरीरातील काही पेशी ताळतंत्र सोडून भराभर विभागू लागतात, तेव्हा कर्करोग होतो. म्हणून विभागणाऱ्या पेशींना अडवणारी रसायने औषध म्हणून द्यावीत, ही कल्पना पुढे आली. या कहाणीत एक भारतीय नाव अभिमानाने घ्यावे लागते. भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधन करीत होते. पेशीला डी.एन.ए. बनवण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. त्याच्यासारखीच दिसणारी, पण पेशीला फसवून तिचे काम अडवणारी 'अमिनोप्टेरिन'सारखी रसायने त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली. बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ती रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या बालकांना दिली. १९४८ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की १६ बालकांपैकी १० जणांना, थोड्या काळापुरता का होईना, उतार पडला. तोपर्यंत या रोगावर काहीच इलाज नव्हता. आज चांगले उपचार मिळाले, तर या रोगाच्या बालकांपैकी बहुसंख्य बालके पूर्ण बरी होतात.

परंतु फार्बर यांच्या रुग्णांमध्येच एक त्रास दिसून आला होता, तो म्हणजे तोंड येणे. याचे कारण उघड आहे. भराभर विभागणाऱ्या पेशी केवळ कर्करोगातच असतात असे नाही. केसांची मुळे, आतड्याचे व तोंडाचे अस्तर आणि हाडांच्या आतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, येथेही पेशींचे विभाजन अखंड चालू असते. तोंडाचे अस्तर साधारण एक ते दोन आठवड्यांत नवे होते. अस्थिमज्जा तर दररोज सुमारे १०० अब्ज, म्हणजे एकावर अकरा शून्ये इतक्या, न्यूट्रोफिल पेशी तयार करते! औषधाला मित्र आणि शत्रू यांतला फरक पुरता ओळखता येत नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

म्हणजे एकाच औषधाने कुंपणही विरळ होते आणि राखणदारही कमी होतात. त्यात काही औषधांनी लाळ कमी होते. एरवी दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ आपले तोंड धूत असते. ती आटली, की मळ लवकर साचतो.

एकवीस दिवसांचे चक्र

कर्करोगाची पुष्कळ औषधे दर २१ दिवसांनी एकदा, अशा चक्राने देतात. रुग्णाच्या तोंडात या काळात काय घडते, ते क्रमाने पाहू. औषधानुसार दिवस थोडे मागेपुढे होतात.

पहिला दिवस : शिरेतून औषध दिले जाते. तोंडात काहीच जाणवत नाही.

पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत : जुने अस्तर झिजते, पण खालून नवे आलेले नसते. तोंड हुळहुळते, लाल होते, काहींना व्रण पडतात. तिखट-आंबट सोसत नाही.

सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत : रक्तातील न्यूट्रोफिल पेशी सर्वांत कमी होतात.

एकविसाव्या दिवसापर्यंत : अस्थिमज्जा सावरते, अस्तर भरून येते आणि पुढच्या चक्राची तयारी होते.

इथे एक प्रश्न तुम्हाला पडायला हवा. औषध पहिल्या दिवशी दिले, मग पेशी आठवड्याने का कमी होतात? घराचा नळ बंद झाला, तरी टाकीतले पाणी काही वेळ पुरते, तसेच हे आहे. औषध नव्या पेशी बनण्याचे काम थांबवते; आधी बनून मज्जेत शिल्लक असलेल्या पेशी काही दिवस पुरतात, आणि मग टंचाई सुरू होते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून त्यांची टंचाई सावकाश जाणवते. रक्त गोठवणाऱ्या बिंबाणू ८ ते १० दिवस टिकतात. न्यूट्रोफिल पेशी रक्तात शिरल्यावर फार थोडा काळ राहतात, म्हणून पहिला फटका त्यांना बसतो.

निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारण २,५०० ते ७,००० न्यूट्रोफिल पेशी असतात. काही औषधांनंतर ही संख्या ५०० च्याही खाली जाते. बिंबाणूंची संख्या दीड लाखाच्या वर असायला हवी. ती फार उतरली, तर हिरड्यांतून आपोआप रक्त झिरपू लागते.

पू का होत नाही?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. हिरडीची लाली, सूज आणि पू ही खरे पाहता जीवाणूंची करणी नव्हे. ती आपल्या शरीराने त्यांच्याशी चालवलेल्या लढाईची खूण आहे. पू म्हणजे मेलेले राखणदार, हे आपण पाहिलेच. राखणदारच नसतील, तर लढाई कोण करणार आणि पू कुठून होणार? म्हणून न्यूट्रोफिल पेशी अगदी कमी असताना हिरडीखाली जीवाणू माजले, तरी हिरडी वरून बऱ्यापैकी शांत दिसू शकते. थोडेसे दुखणे आणि ताप, एवढीच काय ती खूण उरते. कधी कधी तर नुसता तापच येतो.

या वेळी जीवाणू तुटक्या कुंपणातून रक्तात शिरले, तर त्यांना अडवणारे कोणी नसते. रक्तदोष होऊन काही तासांत रुग्णाची प्रकृती गंभीर होऊ शकते. आपल्या तोंडात निमूटपणे राहणारे काही स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जीवाणू अशा रुग्णांच्या रक्तात वारंवार सापडले आहेत. म्हणून या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त झाला, तर रात्र असली तरी ताबडतोब डॉक्टरांना कळवावे लागते. डॉक्टर जीवाणूंचा पत्ता लागण्याची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू करतात. ताप उतरवणारी गोळी घरच्या घरी देऊन सकाळपर्यंत थांबणे, हे अशा वेळी फार महागात पडते. बोलणारी एकच खूण उरलेली असते आणि गोळीने आपण तिचेही तोंड बंद करतो.

एक छोटे गणित

'हिरडीचा आजार तो केवढासा! त्याने एवढे काय होणार?' असे कोणी म्हणेल. आपण हिशेब करून पाहू. समजा, एका माणसाला २८ दात आहेत. दाताच्या मानेचा घेर सरासरी २ सेंटिमीटर धरू. पायोरियामुळे प्रत्येक दाताभोवती ५ मिलिमीटर, म्हणजे ०.५ सेंटिमीटर खोल कप्पा झाला आहे असे मानू. मग कप्प्यांच्या आतल्या भिंतीचे एकूण क्षेत्रफळ होईल :

२८ × २ × ०.५ = २८ चौरस सेंटिमीटर

तुमच्या वहीत ७ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद आयत काढा. एवढी जागा गुडघ्यावर खरचटली असती, तर आईने हातातले काम टाकून ती धुतली असती. तोंडातली तेवढीच जखम कप्प्यांत दडलेली असल्यामुळे कोणाला दिसत नाही, आणि ती रात्रंदिवस जीवाणूंच्या संगतीत असते. प्रत्यक्षात सर्वच कप्पे सारखे खोल नसतात, म्हणून हा आकडा कमीजास्त होईल. पण आजार 'केवढासा' नाही, हे यावरून पटेल.

पाण्याआधी वळण

यातील आशादायक भाग असा, की हा धोका आधी कळतो. औषधोपचार सुरू होण्याची तारीख ठरलेली असते. म्हणून शक्य असेल तेव्हा उपचारांपूर्वीच रुग्णाला दंतवैद्याकडे पाठवतात. किटण काढले जाते, किडके दात भरले जातात, टोचणारी कवळी किंवा दाताची धार नीट केली जाते. वाचणे शक्य नसलेला दात काढायचा असेल, तर जखम भरायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे मिळतील अशा बेताने काढतात. कर्करोगाचा उपचार तातडीचा असेल, तर मात्र दातांसाठी तो थांबवत नाहीत. तेव्हा दोन्ही डॉक्टर मिळून काय आधी करायचे ते ठरवतात.

कर्करोग हाडांत पसरलेल्या काही रुग्णांना हाडांसाठी झोलेड्रॉनिक आम्लासारखी औषधे देतात. ही औषधे घेणाऱ्या काही जणांच्या जबड्याचे हाड दात काढल्यानंतर उघडे पडून मरते, असे २००३ सालापासून लक्षात येऊ लागले. त्यामुळे अशा रुग्णांच्या बाबतीत दातांची आधी तपासणी करणे आणखीच महत्त्वाचे ठरले आहे.

कधी गंगा उलटीही वाहते. रक्ताच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत रोगी पेशी हिरड्यांतच शिरतात आणि हिरड्या दातांवर चढून फुगतात. दाताचे दुखणे समजून रुग्ण दंतवैद्याकडे जातो आणि दंतवैद्य त्याला रक्त तपासायला पाठवतो. तेव्हा 'हिरडीतून रक्त आले म्हणजे कर्करोग' अशी भीती मात्र बाळगू नका. बहुतेक वेळा कारण साधा मळच असतो. पण नीट दात घासूनही रक्त थांबत नसेल, तर तपासून घेणे शहाणपणाचे.

बर्फाची युक्ती

काही उपाय किती साधे असतात पाहा. 'फ्लुओरो-युरॅसिल' नावाचे एक औषध शिरेतून एकदम दिले, की रक्तातील त्याचे प्रमाण दर १० ते २० मिनिटांनी निम्मे होत जाते. औषध देण्याच्या पाच मिनिटे आधीपासून सुमारे अर्धा तास रुग्णाने तोंडात बर्फाचे तुकडे चघळले, तर त्याला तोंड येण्याचा त्रास कमी होतो. का बरे? थंडीने तोंडातील रक्तवाहिन्या आकसतात, तेवढ्या वेळेत अस्तराकडे रक्त कमी जाते, आणि रक्ताबरोबर औषधही कमी जाते. अर्ध्या तासाने वाहिन्या पूर्ववत होतात तेव्हा रक्तातले बरेचसे औषध ओसरलेले असते.

मग प्रत्येक औषधाला हीच युक्ती का नाही? कारण काही औषधे रक्तात कित्येक तास टिकतात; तेवढा वेळ कोणी बर्फ चघळू शकणार नाही. शिवाय 'ऑक्झॅलिप्लॅटिन' या औषधाने नसांना थंडी बाधते, त्या रुग्णांना बर्फ त्रासदायक होतो. म्हणून ही युक्ती डॉक्टरांना विचारूनच वापरायची असते.

उपचार चालू असताना

एके काळी रक्तातील पेशी कमी झाल्या, की ब्रश बंद करायला सांगत. पण मळ साचू देणे हेच अधिक धोक्याचे, असे अनुभवाने दिसून आले. आता अगदी मऊ ब्रशने, हलक्या हाताने, दिवसातून दोनदा तरी दात घासायला सांगतात. रक्त थांबत नसेल तेव्हाच डॉक्टर वेगळा मार्ग सुचवतात. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ घालून दिवसातून अनेकदा चूळ भरणे हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. चूळ भरून झाली, की नुसत्या पाण्याने तोंड धुवावे. दारूचा अंश असलेली तयार द्रव्ये टाळावीत, ती झोंबतात आणि तोंड कोरडे करतात. दात कोरणे, राखुंडी आणि सुपारी वर्ज्य. आपल्याकडे काही घरांत अजूनही मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू; तिने हिरड्यांचे नुकसान होते आणि खुद्द तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. ती तर कोणीच, कधीच लावू नये.

किटण काढायचे किंवा दात उपटायचा असेल, तर रक्त तपासून, कर्करोगाच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करायचे असते. हिरडीच्या दुखण्याने ताप आला, तर पुढचे औषध पुढे ढकलावे लागते किंवा त्याची मात्रा कमी करावी लागते. कर्करोगाशी लढताना असे गमावलेले आठवडे परवडत नाहीत. मऊ ब्रशची किंमत काही रुपये असते. पण त्यावर किती काही अवलंबून असते, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

तुमच्या घरी, शेजारी किंवा वर्गातल्या एखाद्या मित्राच्या घरी असे आजारपण असेल, तर तुम्हालाही मदत करता येईल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर औषधाचा दिवस लिहा आणि त्यापुढचा सातवा ते चौदावा दिवस लाल पेन्सिलीने खुणा करून ठेवा. तापमापक आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक हाताशी ठेवा. रुग्णाच्या अंगाला हात लावून 'काही नाही, बरे आहे' असे म्हणू नका. तापमापक लावा आणि आकडा लिहून ठेवा. हिरड्या बोलेनाशा झाल्या असतील, तेव्हा त्यांच्या वतीने बोलायला कोणीतरी हवे असते.

स्वाध्याय

१. एका थेंबात ५० घन मिलिमीटर रक्त आहे असे धरा. न्यूट्रोफिल पेशींची संख्या दर घन मिलिमीटरला ४,००० असताना आणि ५०० असताना थेंबात किती पेशी असतील?

२. निरोगी माणसाच्या खाचेची खोली २ मिलिमीटर धरून वरील गणित पुन्हा करा. पायोरियातील क्षेत्रफळ त्याच्या किती पट होते?

३. औषधोपचारांनंतर केस गळतात, पण नखे लगेच पडत नाहीत. पेशींच्या विभाजनाच्या वेगाचा विचार करून कारण सांगा.

४. न्यूट्रोफिल पेशी कमी असलेल्या रुग्णाच्या हिरडीवर पू दिसत नाही, म्हणून ती निरोगी आहे, असे तुमच्या मित्राने म्हटले. त्याला तुम्ही काय उत्तर द्याल?